चालकाशी बोलू नये

"भाऊ, घरी फोन करायचा असन तं इथूनच करून घ्या. पुढं टावरचा काही भरोसा नाही."

सालेकशातल्या चहाच्या टपरीवर हे वाक्य फुकट मिळालं. त्या टपरीवाल्यानं त्या दिवशी ते शंभर जणांना तरी ऐकवलं असेल. माघ पौर्णिमेची आदली संध्याकाळ होती. रस्त्याच्या कडेला बालाघाटच्या, छिंदवाड्याच्या, राजनांदगावच्या, आदिलाबादच्या गाड्यांची रांग लागली होती. पिवळे फेटे, पिवळे दुपट्टे, टपांवर सप्तरंगी झेंडे, पिकअपच्या हौद्यात गोधड्या आणि सरपण. सगळे कचारगडला निघालेले. मी चहा घेतला, मान हलवली आणि फोन काही केला नाही. नागपूरपासून इथवर होल्डरमधल्या फोनवरची ती बाई 'पुढे उजवीकडे वळा' सांगत होती. ती असताना टपरीवाल्याचं कोण ऐकतो?

आमची गाडी जुनी, सात सीटची. मागच्या सीटा पाडून गादी टाकलेली, वर जाळीत कपडे, खाली शिधा, पाण्याचा कॅन, दोन पातेली, छोटा इन्व्हर्टर. परदेशात याला मोटरहोम म्हणतात आणि त्यात न्हाणीघरसुद्धा असतं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं आहे. आमच्या गाडीला बायको 'फिरती खोली' म्हणते. त्या खोलीत त्या दिवशी ती, मी, माझी ताई आणि ताईची नववीतली मुलगी असे चौघं होतो, आणि चालणारी उपकरणं मोजली तर अकरा. चार फोन, एक टॅब, डॅशकॅम, दोन पॉवर बँक, ब्लूटूथचा स्पीकर, इन्व्हर्टर आणि ताईनं हौसेनं आणलेली विजेवरची किटली.

सालेकशापासून दरेकशाकडे निघालं की रस्ता जंगलात शिरतो. मैकल रांगेच्या या भागात डोंगर उंच नाहीत, पण झाडी दाट आहे आणि संध्याकाळ लवकर उतरते. आम्ही टपरी सोडून काही किलोमीटर गेलो असू, तोच फोनवरच्या बाईचा आवाज बंद पडला. नकाशावरचा निळा ठिपका एका जागी चिकटल्यासारखा दिसू लागला आणि भोवतालचा नकाशा राखाडी झाला. एवढ्यात समोर फाटा आला की नुसतं वळण, ते अंधारात कळेना. मी होल्डरमधून फोन काढला, अंगठ्यानं नकाशा सरकवला, पुन्हा सरकवला.

"मामा, बैलगाडी!"

भाची ओरडली म्हणून ब्रेक दाबला. समोर तणसानं भरलेली बैलगाडी होती. मागं ना दिवा, ना लाल रिफ्लेक्टर, आणि तणसाचा रंग अगदी संध्याकाळसारखा. गाडी थांबली तेव्हा मधे पाच-सहा हात अंतर उरलं होतं. मागची पातेली पुढं आली, किटली ताईच्या पायावर पडली, पाण्याची बाटली घरंगळत माझ्या सीटखाली शिरली. बैलगाडीवाल्यानं वळूनही पाहिलं नाही. त्याच्या लेखी काही झालंच नव्हतं.

बाटलीनं मला सर्वांत जास्त घाबरवलं. ती आणखी वीतभर पुढं सरकली असती तर ब्रेकच्या पायपट्टीखाली अडकली असती, आणि मग पाय कितीही दाबला तरी ब्रेक लागला नसता.

नंतर बसून हिशेब केला. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला साधारण सतरा मीटर जाते. नकाशा दोनदा सरकवायला पाच सेकंद लागतात. म्हणजे मी त्र्याऐंशी मीटर गाडी आंधळेपणानं चालवली होती. एकामागं एक सात एसटी बस उभ्या केल्या तर एवढी लांबी होते. सात बसभर रस्ता डोळे मिटून चालवून दाखव असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आणि गंमत अशी की फोनची त्यात चूकच नव्हती. जीपीएस आणि मोबाइलचं नेटवर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसतं. मलाही नीट ठाऊक नव्हतं. आपण कुठं आहोत ते फोन उपग्रहांच्या संदेशांवरून काढतो, त्याला टॉवर लागत नाही. टॉवर लागतो तो नकाशाचं चित्र उतरवून घ्यायला. घरून निघताना वायफायवर गोंदिया जिल्ह्याचा नकाशा फोनमध्ये साठवला असता, तर दरेकशाच्या जंगलातही ठिपका रस्त्यावरून चालताना दिसत राहिला असता. फक्त पुढं गर्दी किती, हे कळलं नसतं. आणखी एक. रेंज गेली की आपण फोन बंद करून चालू करतो. हा उपाय इथं उलटतो. एरवी उपग्रहांची ताजी माहिती फोनला नेटवरून झटकन मिळते. रेंज नसताना ती थेट उपग्रहाकडून उतरवावी लागते, त्याला आकाश मोकळं असलं तरी निदान अर्धा मिनिट लागतं, आणि झाडीखाली कितीतरी जास्त. तेवढा वेळ ड्रायव्हर काय करतो? फोनकडे बघत बसतो.

यात्रेचा मुक्काम असतो त्या धनेगावला आम्ही पोचलो ते शेवटी एका मोटारसायकलवाल्याच्या मागं मागं.

*

कचारगड हे गोंड समाजाचं आद्य श्रद्धास्थान. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या डोंगरात या गुहा आहेत. काली कंकालीची तेहतीस मुलं शंभूनं इथल्या गुहेत कोंडली आणि तोंडावर शिळा लावली, अशी कथा सांगतात. जंगो रायताड या देवीनं त्या मुलांना माया दिली होती. त्यांना सोडवायला गोंडांचा आद्य गुरू पारी कुपार लिंगो आला. हिरासुका पाटालीर यानं आपल्या वाद्याचे सूर धरले, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं आणि शिळा हलली. हिरासुका मात्र तिच्याखालीच सापडला. लिंगोनं मग या मुलांना कोया पुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची, शिकवण दिली, त्यांच्यापासून गोत्रं वाढली, आणि साडेसातशे या आकड्याला गोंडी जगात मान मिळाला तो या गोत्रांमुळं.

आज दिसते ती यात्रा मात्र फार जुनी नाही. १९८०च्या दशकात मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी ती सुरू केली. कंगाली नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करायचे आणि उरलेल्या आयुष्यात गोंडी भाषा, लिपी आणि पुनेम यांचा अभ्यास. २०१५ मध्ये ते गेले. सुरुवातीला बोटांवर मोजण्याइतके लोक यायचे, आता माघ पौर्णिमेच्या आगेमागे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा, झारखंडातून लाखोंनी येतात.

हे लाखो लोक येतात कसे, याकडे मी यंदा मुद्दाम बघत होतो. दरेकशाला रेल्वेचं स्थानक आहे, हावडा-मुंबई मार्गावरचं, त्यामुळं पुष्कळ जण गाडीनं उतरून चालत येतात. पण निम्मं धनेगाव वाहनांनी भरलेलं असतं. पिकअप, क्रुझर, ट्रॅव्हलर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. चारशे-पाचशे किलोमीटर आलेली वाहनं, आणि दोन-तीन रात्री तीच घर. हौद्यावर ताडपत्री, ताडपत्रीखाली म्हातारी माणसं आणि लेकरं, चाकाशेजारी चूल. मोटरहोम मोटरहोम म्हणतात ते हेच. फक्त यांना कुणी तसं म्हणत नाही.

रात्री त्या मैदानात फिरलं तर विजेचा एक निराळाच बाजार दिसतो. ज्याच्या गाडीत चार्जर त्याच्याभोवती गर्दी. एका क्रुझरच्या सॉकेटला एकात एक खोचून पाच फोन लावलेले. आमच्या शेजारच्या पिकअपवर दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर आणि रंगीत दिव्यांची माळ. रेला या गोंडी गाण्याच्या चालीवर रात्रभर नाच चालला. आम्हीही जेवणानंतर बराच वेळ त्यात होतो.

त्याआधी आमच्याकडे एक प्रकार घडला होता. ताईनं चहासाठी किटली इन्व्हर्टरला लावली. इन्व्हर्टर दीडशे वॉटचा, किटली बाराशे वॉटची. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. बाराशे भागिले बारा म्हणजे शंभर अँपिअर, आणि सिगारेट लायटरच्या त्या सॉकेटचा फ्यूज असतो दहा-पंधरा अँपिअरचा. इन्व्हर्टरनं दोनदा टीं टीं केलं आणि फ्यूज उडाला. त्याच वायरीवर फोनचा चार्जर होता, डॅशकॅम होता, नवा फ्यूज बसवेपर्यंत सगळंच गेलं. ताई म्हणाली, "अरे, मला वाटलं प्लग बसतोय म्हणजे चालतंय." हे वाक्य मी हसण्यावारी नेलं. पण गाडीतल्या उपकरणांचे निम्मे घोटाळे याच वाक्यातून होतात. प्लग बसतो म्हणून किटली, हात पोचतो म्हणून फोन.

सकाळी शेजारच्या पिकअपनं साधं खटसुद्धा केलं नाही. साठ-पासष्ट अँपिअर-तासांची बॅटरी, आठ अँपिअर खाणारे भोंगे आणि दिवे, आठ तास. हिशेब बरोबर शून्यावर आला होता. आम्ही दहा-बारा जणांनी 'जय सेवा' म्हणत धक्का मारला, तेव्हा इंजिन लागलं. थंडी होती म्हणून एका कुटुंबानं रात्री काचा बंद करून गाडीचं इंजिन नि हीटर चालू ठेवायचा घाट घातला होता, त्यांना मात्र एका जुन्या ड्रायव्हरनं दार उघडून उठवलं. धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि झोपलेल्याला तो जागं करत नाही.

*

हाच जुना ड्रायव्हर मला सकाळी चुलीजवळ भेटला. बैतूलकडचा, साठीच्या पुढचा, सहा पिढ्यांचं कुटुंब भरल्यासारखी खच्चून भरलेली जीप घेऊन आलेला. मी त्याच्या डॅशबोर्डवर फोनचा होल्डर शोधत होतो. तो हसला आणि बायकोकडे बोट केलं. तिनं कमरेची पिशवी उघडून फोन दाखवला, साधा, बटणांचा. गाडी सुरू झाली की फोन तिच्याकडे जातो. वाजला की ती उचलते, "गाडी चला रहे हैं, बाद में करो," म्हणते आणि ठेवून देते. दुसऱ्यांदा तोच माणूस फोन करत असेल तर ती विचारते, कुणी मेलं का? नसेल मेलं तर पुन्हा ठेवते. तीस वर्षं त्यानं ट्रक चालवला होता. "तेव्हा क्लीनर असायचा," तो म्हणाला, "आता ही आहे."

मला तिथंच काहीतरी उलगडलं.

लांबच्या रस्त्यावर गाडी एकट्यानं चालवायची ही रीत आपली नव्हतीच. ट्रकला क्लीनर होता. काही जण त्याला किन्नर म्हणत. डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढून तो 'आन दे, आन दे' करत गाडी पुलावरून काढायचा, पत्ता विचारायला खाली उतरायचा, रात्री दोन वाजता ड्रायव्हर पेंगू लागला की गप्पा काढायचा. एसटीला कंडक्टर आहे. १ जून १९४८ ला अहमदनगरहून पुण्याला पहिली एसटी निघाली, त्या गाडीवरही किसन राऊत चालवायला आणि लक्ष्मण केवटे तिकिटाला, असे दोघं होते. ड्रायव्हरनं मागं वळून बघायचं नाही म्हणून घंटा. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे निघ. ड्रायव्हरशी एवढंच बोलायचं. बाकीच्यांसाठी पाटी: वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. लहानपणी ती पाटी वाचून मला वाटायचं, ड्रायव्हर फार रागीट असतात.

धनेगावच्या पलीकडून जाणाऱ्या रेल्वेतही दोघं असतात. लोको पायलट आणि त्याचा सहायक. येणारा प्रत्येक सिग्नल दोघांनी मोठ्यानं उच्चारायचा, अशी पद्धत आहे. दरेकशाच्या बोगद्यात शिरताना त्या इंजिनात कुणी रील बघत बसला, तर आपण त्याला काय म्हणू?

मोटारीत मात्र आपण क्लीनर काढून टाकला आणि त्याची सगळी कामं ड्रायव्हरच्याच गळ्यात बांधली. पत्ता तोच शोधणार, गाणं तोच लावणार, टोलचे पैसे कापल्याचा संदेश तोच वाचणार, मेव्हण्याला 'कुठवर आलात' चं उत्तर तोच देणार. चालकाशी बोलू नये ही पाटी आपण पाळली. फक्त फोनला ती वाचता येत नाही.

हातात न धरता, कानात खोचून किंवा स्पीकरवर बोललं तर चालतं, असा आपला एक गोड समज आहे. १९९७ मध्ये कॅनडातल्या दोन संशोधकांनी अपघात झालेल्या ड्रायव्हरांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. बोलत असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट निघाली, आणि हात मोकळे ठेवून बोलणाऱ्यांना त्यात काही सूट मिळाली नव्हती. कारण गुंततं ते डोकं. त्याहून मला आवडलेला प्रयोग अमेरिकेत युटा विद्यापीठातला, २००८ चा. ड्रायव्हरांना नकली गाडीत बसवून एका ठरलेल्या विसाव्याच्या जागी वळायला सांगितलं. शेजारी बसलेल्याशी गप्पा मारणारे बहुतेक जण बरोबर वळले. फोनवर गप्पा मारणारे जवळपास निम्मे ती जागा ओलांडून पुढं गेले. शेजारच्याला समोरचा ट्रक दिसतो, तो वाक्य अर्धवट सोडतो, म्हणतो, "अरे, हे बघ वळण." फोनवरच्या नाशिकच्या आत्याला ट्रक दिसत नाही. ती म्हणत राहते, "मग पुढे काय झालं?"

एसटीच्या पाटीपेक्षा हा प्रयोग एक पाऊल पुढचा आहे खरा. शेजारच्यानं बोलावं, पण रस्ता बघत.

*

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि चालवताना हातात फोन वापरणं धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, १८४ मध्ये, आलं. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार दंड, कैदही होऊ शकते. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात फोनला एक सवलत आहे. तो रस्ता शोधण्यासाठी वापरता येतो, मात्र ड्रायव्हरचं चित्त विचलित होणार नाही अशा रीतीनंच. नियम वाचून मला बैलगाडी आठवली. मी रस्ताच शोधत होतो.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३,३९५ चालवताना मोबाइल वापरल्यामुळं. अतिवेगाच्या बळींपुढं हा आकडा लहान आहे, असं कुणी म्हणेल. पण वेगाच्या खुणा रस्त्यावर राहतात, टायरचे पट्टे पडतात. मेलेला माणूस शेवटच्या पाच सेकंदांत कुठं बघत होता, हे पंचनाम्यात उतरत नाही. त्यामुळं या आकड्यावर माझा फार विश्वास नाही. तो कमीच असणार.

आणि हा पट्टा तर चुकीला जागा न देणारा. नागपूरहून भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली, साकोली मागं टाकली की महामार्गाच्या दोन्ही अंगांना नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचं जंगल लागतं. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एक तरुण वाघ मोटारीच्या धडकेनं मेला. त्याच बाजूला, सडक अर्जुनी तालुक्यात, २९ नोव्हेंबर २०२४ ला दुचाकीला वाचवताना शिवशाही बस उलटली आणि अकरा प्रवासी गेले. या अपघातांत फोनचा संबंध होता असं मी म्हणत नाही. मी म्हणतोय ते इतकंच की या रस्त्यावर समोर काय येईल ते सांगता येत नाही. वाघ येईल, दुचाकी येईल, तणसाची बैलगाडी येईल. नकाशात यांतलं काहीच नसतं.

*

दुपारी गुहा पाहून उतरलो. डोंगर चढताना शेजारी चालणाऱ्या बायकांच्या डोक्यावर पूजेचं सामान होतं, खांद्यावर लेकरं होती, आणि एकीच्याही हातात फोन नव्हता. मोठ्या गुहेत वरच्या भगदाडातून उजेडाचा झोत पडतो. तिथं मात्र प्रत्येकाचा फोन वर होता, माझाही.

परतताना गाडीत नव्या नेमणुका झाल्या. बैतूलच्या बाईकडून घेतलेला धडा. भाची डाव्या सीटवर क्लीनर म्हणून बसली. माझा फोन, नकाशा, गाणी, सगळं तिच्या ताब्यात. डॅशकॅम आरशाच्या मागं सरकवला आणि त्याचा पडदा बंद केला, कारण तो चालू असला की स्वतःचाच सिनेमा बघत गाडी चालवल्यासारखं होतं. फोन काचेजवळून काढून एसीच्या झरोक्यासमोर लावला. एक तर काचेवरचा फोन नेमका त्या कोपऱ्यात येतो जिथून पायी चालणारा माणूस दिसतो. दुसरं म्हणजे उन्हात, चार्जिंगवर, वर टॉवर शोधत फिरणारा फोन इतका तापतो की ऐन फाट्यावर बंद पडतो. चार्जिंगची वायर गिअरभोवती लोंबत होती, ती भाचीनं केसांच्या रबरानं बांधली. बाटल्या मागच्या जाळीत. किटली ताईच्या मांडीवर, शिक्षा म्हणून.

धनेगावहून निघालो, दरेकसा मागं पडलं, जंगल विरळ व्हायला लागलं. समोरून यात्रेकरूंच्या गाड्या येत होत्या, कडेनं माणसांची रांग, सायकली, बकऱ्या. आणि सालेकसा दोन-तीन किलोमीटरवर असताना रेंज आली.

टिंग.

टिंग टिंग. मग टिंग-टिंग-टिंग-टिंग असा सडाच. काल संध्याकाळपासून अडलेले सगळे संदेश एकदम कोसळले. कंपनीचे, बँकेचे, सोसायटीच्या गटाचे, आईचे सात, मेव्हण्याचे चार, 'फोन का लागत नाही', 'कुठे आहात', 'अरे फोन कर', आणि त्यावर सुटलेले कॉल. चारही फोन एकदम बोलू लागले. माझा हात स्टिअरिंगवरून सुटून डावीकडे गेलाच. मनात विचार येण्याआधी हात गेला, हे सांगताना लाज वाटते.

"मामा, समोर बघा," भाची म्हणाली आणि झरोक्यासमोरचा फोन काढून उलटा मांडीखाली ठेवला.

समोरच्या क्रुझरचे ब्रेकलाइट त्याच क्षणी लागले होते. पुढं, रस्त्याच्या डाव्या अंगाला एक पिकअप शेतात उतरलेली होती. उलटली नव्हती, कुणाला लागलं नव्हतं, नुसती बांधावरून खाली जाऊन हरभऱ्यात रुतली होती. बायका उतरून बांधावर बसल्या होत्या. ड्रायव्हर, पंचविशीतला पोरगा, चाकाकडे बघत उभा होता आणि त्याच्या हातातला फोन अजून वाजत होता. त्यानं कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोरी बांधून ती गाडी वर काढायला आम्हाला पाऊण तास लागला.

रेंज जाते तेव्हा आपण सावध होतो, निदान नाइलाजानं. ती परत येते तेव्हा कुणी सावध नसतं. घाट उतरताना, बोगद्यातून बाहेर पडताना, जंगल संपताना, जिथं जिथं टॉवर पुन्हा पकडतो तिथं असा सडा पडतो. कचारगडहून परतणाऱ्यांसाठी ती जागा सालेकशाच्या अलीकडे आहे, आणि माघ पौर्णिमेला नेमकी तिथंच सर्वांत जास्त माणसं पायी चालत असतात.

सालेकशात पुन्हा त्याच टपरीवर थांबलो. भाचीनं फोन हातात दिला. आधी आईला फोन केला, मग मेव्हण्याला. दोघांनी शिव्या घातल्या. टपरीवाल्यानं ओळखलं, चहा पुढं करत म्हणाला, "सांगतलं होतं ना भाऊ, इथूनच करून घ्या म्हणून."

येत्या माघात तुम्ही कचारगडला जाणार असाल, तर सालेकसा सोडण्याआधी गाडी कडेला लावा आणि घरी एवढंच सांगा: उद्या संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही, लागला नाही म्हणून परत परत करू नका. आम्ही परतताना इथंच थांबू आणि आम्हीच करू.